सळसळ, सरसर, सर्रकन

'ही नुसती आवाजाची नक्कल. त्यात कसलं आलंय व्याकरण?' असे एका प्राध्यापकांनी मला ऐकवले, त्याला बरीच वर्षे झाली. माझ्यापाशी भाषेची पदवी नाही, म्हणून तेव्हा गप्प बसलो. वहीत शब्द मात्र टिपत राहिलो.

साप गवतातून सळसळत जातो, पोरगा झाडावर सरसर चढतो. पहिल्यात कान लागतो, दुसऱ्यात डोळा. चढण्याचा आवाज येईलच असे नाही. तोच पोरगा घसरगुंडीवरून खाली आला, की 'सर्रकन' आला. चालू राहणारी क्रिया शब्द दुहेरी करून सांगायची, क्षणात उरकलेली 'कन' लावून. गरगर–गर्रकन, झरझर–झर्रकन, सुळसुळ–सुळकन. यातला 'र' बहुधा दुणावतो, 'ळ' बहुधा एकटाच राहतो. याला व्याकरण नाही तर काय म्हणायचे?

आणि अर्थ तर आवाजापाशी थांबतही नाही. पिंपळाचे पान लांब देठावर लोंबते, त्यामुळे जराशा वाऱ्यानेही ते सळसळते. हा ऐकू येणारा नाद. पण तरुणाचे 'सळसळते रक्त' कोणी ऐकले आहे? तिथे नाद गळून चैतन्य उरले. उंदरांच्या 'सुळसुळाटा'त तर हालचालीपेक्षा संख्या मोठी, आणि आपला वैताग त्याहून मोठा.

मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) अशा शब्दांना हात आखडता न घेता जागा दिली. आमच्या घरी आई लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून म्हणायची, 'सुळसुळीत आहे हो!' त्या पदराला ना आवाज होता, ना तो हलत होता.