डोक्यावरचं पांढरं कापड

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक आपल्याला आता परकी राहिलेली नाही. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं तिथं डॉक्टरकी शिकायला जातात. पण तिथल्या माणसांचा जुना पेहराव आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

या देशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे. मेंढ्या-घोडे घेऊन कुरणामागून कुरण फिरणाऱ्या किर्गिझांना घोड्यावर लादता येईल तेवढाच संसार परवडे. म्हणून एकेका कपड्याकडून अनेक कामं करून घेतली जात. ‘चपान’ म्हणजे अस्तर लावून जाड शिवलेला लांब अंगरखा. बायका त्यावरून कमरेला ‘बेल्देमची’ गुंडाळत. हा घागरा समोरून उघडा असतो, त्यामुळे कंबर उबदार राहते आणि घोड्यावर मांडही टाकता येते.

पुरुषांची ‘अक-कल्पक’ ही उंच पांढरी टोपी नमद्याची असते. नमद्यात विणकाम नसतं. लोकरीवर गरम पाणी शिंपडून, ती दाबून, लाटून एकजीव करतात. मग चार पाकळ्या जोडून टोपी शिवतात. हिमशिखरासारखी दिसणारी ही टोपी थंडीत ऊब देते आणि उन्हापासूनही वाचवते. ती जमिनीवर ठेवत नाहीत. २०१९ साली तिची कला युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

माझं मन मात्र ‘एलेचेक’पाशी रेंगाळतं. लग्न झालेल्या बाईच्या डोक्याला कित्येक मीटर पांढरं कापड फेट्यासारखं गुंडाळतात. पहिल्यांदा तो बांधताना वडीलधाऱ्या बायका दुवा देतात. वाटेत कुणी बाळंत झाली, तर त्याच कापडात बाळ गुंडाळत. कुणी जखमी झालं, तर त्याचीच पट्टी होई. आणि कुणी दगावलं, तर तेच कफन. आमच्याकडेही कित्येक हाजी इहरामचं कापड कफनासाठी जपून ठेवतात. त्यामुळे मला ही रीत दूरची वाटत नाही. मरण डोक्यावर घेऊन ती बाई रोज दूध काढत होती, चूल पेटवत होती.

सोव्हिएत काळात एलेचेक रोजच्या वापरातून गेला. आता तो लग्नात, समारंभात दिसतो. २०२३ साली युनेस्कोनं त्यालाही यादीत घेतलं. यादीत नाव राहील. पण ते कापड बांधायचं कसं, हे आजीच्या हातांकडून नातीच्या हातांनी शिकून घ्यायला हवं.