दुकानातलं काम आणि संध्याकाळचे सात

लेखमाला : पहिली कमाई (भाग ४)

गणपती गावाला गेले की बाजारपेठेतल्या दुकानांच्या काचांवर हाताने लिहिलेले कागद चिकटू लागतात. ‘सेल्समन पाहिजेत’, ‘काउंटरसाठी मुली पाहिजेत’, ‘अनुभवाची अट नाही’. पुण्याचा लक्ष्मी रोड असो, दादरचं मार्केट असो की तालुक्याच्या गावातली कापडाची दुकानं असोत, दसरा ते दिवाळी या दिवसांत नेहमीची माणसं पुरत नाहीत. त्याच सुमारास अकरावी-बारावीची मुलं त्या कागदांसमोर घुटमळताना दिसतात. कुणाला मोबाईल घ्यायचा असतो, कुणाला क्लासचा हप्ता भरायचा असतो, तर कुणाच्या घरी त्या कमाईवरच दिवाळी होणार असते.

गेल्या भागात आपण शेजारपाजारच्या मुलांच्या शिकवण्या घेण्याबद्दल बोललो. ते काम ओळखीच्या घरात चालतं. दुकानात मालक अनोळखी, गिऱ्हाईक अनोळखी आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात. म्हणून या वेळी दुकानातल्या कामाची नीट ओळख करून घेऊ. काम कसं असतं, कायदा काय म्हणतो आणि काउंटरमागे उभं राहण्याआधी काय ठरवून घ्यायचं, ते पाहू.

साडीची घडी

अकरावीच्या दिवाळीत मी एका कापडाच्या दुकानात कामाला लागलो. पहिले चार दिवस मला गिऱ्हाईकासमोर उभंच केलं नाही. माझं काम एकच, घड्या घालायच्या. एखाद्या काकू तीस-चाळीस साड्या उलगडून बघायच्या आणि त्यातली एक घ्यायच्या. बाकीचा ढीग माझ्यापुढे यायचा. काठाला काठ जुळला पाहिजे, पदर वर राहिला पाहिजे, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकापुढे साडी ठेवली की आधी पदर नजरेत भरतो. जरीवर भलतीकडे घडी मोडली की ती रेघ जाता जात नाही. जुने काका माझ्या हातातली साडी काढून घेत म्हणायचे, “अरे, ओढू नकोस. तिला बसू दे.” पाचव्या दिवशी माझी एक घडी त्यांनी न मोडता कपाटात ठेवली. तो आनंद मला अजून आठवतो.

दुकान बरंच काही शिकवतं. गिऱ्हाईक ‘नुसतं बघायचंय’ म्हणतं तेव्हा त्याला खरंच बघू द्यायचं, हे मी तिथे शिकलो. सुट्टे परत देताना ते मोठ्याने मोजायचे, हेही तिथलंच. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ती झाल्याशिवाय दुकानातली माणसं बोलायलाही मोकळी होत नाहीत. शाळेत तोंड न उघडणारा मुलगा दहा दिवसांत अनोळखी माणसाशी नजर वर करून बोलू लागतो. ही शिकवण कुठल्या पुस्तकात नसते, म्हणूनच मुलांनी दुकानात काम करावं असं मला मनापासून वाटतं.

पण त्या दिवाळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुकान रात्री साडेदहाला बंद व्हायचं आणि शेवटची एसटी तोवर गेलेली असायची. मला न्यायला वडील सायकल घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे असायचे. भाऊबीज झाल्यावर मी पैशांसाठी गेलो, तेव्हा शेठनी विचारलं, “आपलं किती ठरलं होतं रे?” काहीच ठरलं नव्हतं. त्यांनी दिले ते पैसे मी मुकाट्याने खिशात घातले. बरोबरच्या मुलाला माझ्याहून जास्त मिळाले होते, कारण त्याच्या मामाने पहिल्याच दिवशी येऊन रोज ठरवून घेतला होता.

अठराच्या आत, सातच्या आत

आता कायद्याकडे येऊ. बाल व किशोरवयीन कामगारांचा मूळ कायदा १९८६ चा आहे. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि वयाच्या दोन पायऱ्या ठरल्या. चौदा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत हात लावणं याला अपवाद आहे, तेही काम धोक्याचं नसेल तरच. वडिलांच्या किराणा दुकानात संध्याकाळी पुड्या बांधणारी मुलगी या अपवादात बसते. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना कायदा किशोरवयीन म्हणतो. त्यांना धोक्याची कामं बंद आहेत आणि बाकीची कामं वेळेच्या मर्यादेत करता येतात.

या मर्यादा प्रत्येक मुलाला पाठ असाव्यात. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट बघत बसलेला वेळ धरून दिवसाचे सहा तासच. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम अजिबात नाही. दुकानदाराने अशा मुलांची नोंदवही ठेवायची असते. तिच्यात नाव, जन्मतारीख, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ लिहायची असते.

खरी अडचण त्या सातच्या रेघेपाशी आहे. दुकानाची गर्दी सातनंतरच वाढते. माणसं कामावरून सुटतात आणि सहकुटुंब बाजारात येतात. मुलंही कॉलेज आणि क्लास आटोपून संध्याकाळीच मोकळी होतात. म्हणजे दुकानाला मुलांची गरज असते ती वेळ, मुलांना सवड असते ती वेळ आणि कायद्याने बंद केलेली वेळ, तिन्ही एकच. त्यामुळे अनेक मोठी दुकानं आणि मॉल अठराच्या आतल्यांना घेतच नाहीत आणि छोटी दुकानं वय विचारतच नाहीत. नोंद नसलेला मुलगा मग रात्री साडेदहापर्यंत उभा राहतो. त्याला काही झालं, पैसे बुडाले, कुणी हात उगारला, तर तो तिथे कामाला होता याचा कागदच नसतो.

ही रेघ जाचक वाटेल. तरीही माझ्या मते ती बरोबर आहे. दिवसभर वर्गात बसून पुढे रात्री साडेदहापर्यंत पायांवर उभं राहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला जागं राहू शकत नाही. हजेरी घसरते, मग अभ्यास मागे पडतो आणि हळूहळू कॉलेजच सुटतं. जोडीला घेतलेलं काम मग एकमेव काम होऊन बसतं. ती घसरण या रेघेपाशी अडवता येते.

मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कोणती वेळ उरते? कॉलेज सकाळचं असेल तर दुपारी एक ते संध्याकाळी सहा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी दहा ते चार. शिवाय रविवारची दुपार. स्टेशनरी, पुस्तकं, चपला आणि तयार कपड्यांच्या दुकानांत या वेळेतही भरपूर काम असतं. माल लावायचा, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, शिल्लक मोजायची, ऑर्डर बांधायच्या. फटाक्यांच्या स्टॉलकडे मात्र अठराच्या आत वळू नका. स्फोटक आणि ज्वालाग्राही वस्तूंचं काम या वयात बंद आहे, मग स्टॉल ओळखीच्या काकांचा का असेना.

काम मागायला जाताना

संध्याकाळी किंवा रविवारी काम मागायला जाऊ नका. त्या वेळी शेठचं लक्ष गल्ल्यावर असतं. आडवारी सकाळी, दुकान उघडून झाडलोट झाली की जा. पहिल्यांदा आई-वडील, काका-मामा यांच्यापैकी कुणाला बरोबर न्या. त्यात कमीपणा नाही. शेठही त्यामुळे जपून बोलतात.

पुढच्या गोष्टी पहिल्याच भेटीत विचारा. रोज किती, की महिन्याचा पगार? पैसे कोणत्या तारखेला? वेळ कोणती, जेवणाची सुट्टी किती? खाडा झाला तर किती कापणार? गल्ल्यात कमी भरलं किंवा माल खराब झाला तर काय? दुकानात स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न मुलींनी तर विचारायलाच हवा. त्याची सोय नसल्याने दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

पैशांचा अंदाज हवा असेल तर दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्य शासनाने ठरवलेला किमान वेतनाचा दर पाहा. तो परिमंडळानुसार आणि काम कुशल, अर्धकुशल की अकुशल यावर बदलतो. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, नव्याने ठरतो. महिन्याच्या दराला २६ ने भागलं की एका दिवसाचा दर निघतो. तो वहीत लिहून जा, म्हणजे ‘शिकाऊ आहेस, देऊ काहीतरी’ या वाक्यापुढे गप्प बसावं लागत नाही.

हजेरीची आपली वेगळी वही ठेवा. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, घेतलेली उचल. पैसे बँकेत घेता आले तर उत्तम. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे.

सही करण्याआधी

काही ठिकाणी ‘दिवाळी होईपर्यंत सोडणार नाही, सोडल्यास इतके रुपये भरीन’ अशा कागदावर मुलांची सही घेतात. काही जण गणवेशासाठी अनामत मागतात, तर काही दहावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात. गुणपत्रिका देऊ नका, छायांकित प्रत पुरते. काम मिळवण्यासाठी पैसेही भरू नका.

सहीबद्दल एक जुनी हकीकत सांगतो. कलकत्त्यातल्या धर्मोदास घोष नावाच्या मुलाने अज्ञान असताना, म्हणजे कायद्याने सज्ञान होण्याआधी, मालमत्ता गहाण टाकून सावकाराकडून कर्ज काढलं. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९०३ साली निकाल लागला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. मोहोरीबीबी खटला म्हणून तो आजही विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने सही केलेल्या त्या कागदाला घाबरून कुणी रात्री अकरापर्यंत दुकानात थांबू नये.

बसायला स्टूल

दुकानातल्या कामाचा सर्वांत मोठा त्रास पायांना होतो. केरळमध्ये कोळिकोडच्या कापडदुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांनी या त्रासाविरुद्ध आवाज उठवला. २०१८ साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. २०२१ साली तमिळनाडूनेही तसाच बदल केला. गिऱ्हाईक नसताना पाच मिनिटं स्टूलावर टेकणं म्हणजे आळस नव्हे, हे दोन राज्यांच्या विधिमंडळांना कायद्यात लिहावंसं वाटलं. आपल्याकडच्या दुकानदारांनी ते कायद्याची वाट न बघता करावं, एवढं मी हात जोडून सांगेन.

घरच्यांना आणि शेठना

काम करून शिकण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा विचार खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत नेला. पुणे विद्यापीठाची आजची योजना त्यांच्याच नावाने चालते. त्या जोडीत कमाई शिक्षणासाठी आहे. तिने शिक्षण गिळलं तर ती जोडीच मोडते.

म्हणून पालकांनी मुलाला दुकानात पाठवताना किती मिळणार एवढंच न विचारता किती वाजता सुटणार हेही विचारावं. शेठनी मुलांची नोंद करावी आणि सात वाजायच्या आत त्यांना घरी धाडावं. मुलाशी कुणी वाईट वागत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक मूल स्वतः किंवा शेजारचा कुणीही फिरवू शकतो.

त्या दिवाळीत कोपऱ्यावर सायकल धरून उभे असलेले वडील मला अजून दिसतात. ते एकदाही आत येऊन काही बोलले नाहीत. आत येऊन विचारता येतं, हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

*पुढच्या आठवड्यात : पहिला पगार हातात आल्यावर. किती घरात द्यायचा, किती ठेवायचा आणि ते कुणी ठरवायचं?*