स्तनातील इम्प्लांट : सही करण्याआधी हे समजून घ्या

'एका दिवसात घरी', 'सोप्या हप्त्यांची सोय' अशा जाहिराती आता मोबाईलवर येतात. दुसरीकडे, कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या बाईलाही डॉक्टर इम्प्लांटचा पर्याय सांगतात. दोघींची गरज वेगळी आहे, पण पहिला प्रश्न एकच : हे किती वर्षे टिकते?

उत्तर स्पष्ट आहे. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही. जितकी वर्षे उलटतात तितकी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता वाढते. जाहिरातीतला दर पहिल्या शस्त्रक्रियेचा असतो. पुढच्या तपासण्यांचा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा नसतो.

शरीरात काय होते?

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. आत सिलिकॉनचे जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी असते. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करते. काही स्त्रियांमध्ये हे आवरण जाड होऊन आवळत जाते. मग स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका जास्त असतो.

शस्त्रक्रियेनंतर लगेच रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मधुमेह असेल किंवा मिसरी, तंबाखूची सवय असेल तर आधीच सांगा. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम लवकर भरत नाही.

पिशवी फाटूही शकते. पाण्याची फाटली तर स्तन चपटा होतो आणि कळते. जेलची फाटली तर बरेचदा काहीच जाणवत नाही. म्हणून अमेरिकेची औषध नियंत्रक संस्था एफडीए सांगते, की जेलचे इम्प्लांट असेल तर त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करा आणि नंतर दर २-३ वर्षांनी करत राहा.

बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, बाळाला दूध कमी पडू शकते. मॅमोग्राफीत इम्प्लांटमागचा भाग झाकला जातो, त्यामुळे तपासणीआधी इम्प्लांट असल्याचे सांगा. जास्तीचे फोटो काढावे लागतात. सतत थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारीही काही स्त्रिया करतात. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नये.

दुर्मीळ, पण गंभीर

इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक वेगळा कर्करोग होतो. तो स्तनाचा नव्हे, लिम्फोमा प्रकारचा असतो आणि मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून ॲलरगन कंपनीने आपले असे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. काही वर्षांनी एका बाजूचा स्तन अचानक सुजला किंवा गाठ लागली तर थांबू नका. लवकर निदान झाले तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

कंपनीच फसवू शकते, हेही घडले आहे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने शरीरासाठी मान्यता नसलेले, कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन भरले. २०१० मध्ये हे उघड झाले, तोवर जगभरातील सुमारे ३ लाख स्त्रियांच्या शरीरात ते गेले होते. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला ४ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या शरीरात कोणते इम्प्लांट आहे हे अनेकींना शोधावे लागले. म्हणून कंपनीचे नाव, प्रकार आणि नंबर लिहिलेले कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवा.

डॉक्टरांना हे विचारा

• तुम्ही प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहात का?
• इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत?
• पुढच्या तपासण्यांना आणि ते काढावे लागल्यास किती खर्च येईल?
• संमतीपत्र मला मराठीत वाचून दाखवाल का?

कर्करोगानंतर इम्प्लांट हाच एक मार्ग नाही. पोटाच्या किंवा पाठीच्या मांसातून स्तन घडवता येतो. ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तनही मिळतो. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. काहीच न करणे हाही तिचाच निर्णय. घरच्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणून घाई करू नये, आणि तिला इम्प्लांट हवे असेल तर 'या वयात कशाला' म्हणून हिणवूही नये.

ज्यांनी इम्प्लांट बसवले आहे त्यांनी घाबरू नये. त्रास नसेल तर ते काढण्याची सहसा गरज नसते. तपासणी मात्र चुकवू नका. आणि ज्या अजून विचार करत आहेत, त्यांनी संमतीपत्र घरी आणून, विश्वासातल्या माणसासोबत वाचावे. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.