फाल्गुनातील उजेडाचा हिशेब

होळीच्या अलीकडल्या पंधरवड्यात गोरेगावच्या पूर्वेकडील टेकड्यांवर पळस आणि पांगारा पेटतात, सावरीची निष्पर्ण झाडे तांबड्या फुलांनी लगडतात, आणि उपनगरातील रसिक वसंताच्या आगमनाची वार्ता या वृक्षांवरूनच घेतो. परंतु त्याच मुलखात, आरे दुग्धवसाहतीच्या तबेल्यांत आणि वारली पाड्यांच्या अंगणांत, वाढत्या दिवसाचा हिशेब माणसाहून अधिक काटेकोरपणे ठेवणारे जीव नांदत असतात, याची दखल क्वचितच कोणी घेतो.

मुंबईच्या दाट वस्तीतले तबेले शहराबाहेर हलवावेत, ही तजवीज दारा खुरोडी या पारशी दुग्धतज्ज्ञाने सरकारदरबारी रुजवली. १९४९ साली वसाहतीस प्रारंभ झाला आणि ४ मार्च १९५१ रोजी, म्हणजे वसंताच्या तोंडावरच, पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ३,००० एकरांहून अधिक जमिनीवर ३२ युनिटे उभी राहिली, तेथे सुमारे १६,००० जनावरांची सोय झाली, आणि हरियाणाची मुऱ्हा व काठेवाडची जाफराबादी एकाच दावणीला कडबा खाऊ लागल्या.

पाड्यातील गावठी कोंबडीला फाल्गुन प्रथम कळतो. पक्ष्याच्या कवटीचे हाड इतके पातळ असते, की उजेड त्यातून झिरपून मेंदूतील प्रकाशग्राही पेशींपर्यंत थेट पोहोचतो. दिवस लांबू लागला, की तिचे अंडाशय जागे होते, आणि पुरेशी अंडी साठल्यावर ती खुडूक होऊन टोपलीत बसते. हात जवळ नेला तर ती पिसे फुलवून गुरगुरते. चोचीने अंडी उलटीसुलटी करीत, दाणापाण्यापुरतीच उठत, ती २१ दिवस काढते.

म्हशीचा कौल नेमका उलटा आहे. तिच्या मेंदूतील पिनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन स्रवते. रात्र जितकी दीर्घ, तितका हा स्राव अधिक वेळ चालतो, आणि रात्र लांबत असल्याचा हाच निरोप तिला प्रजननास उद्युक्त करतो. त्यामुळे बहुसंख्य म्हशी शरद-हेमंतात माजावर येतात आणि सुमारे ३१० दिवसांच्या गर्भकाळानंतर पावसाळ्यात वा त्याच्या उतारास वितात. दिवस मोठा होऊ लागला, की त्यांचा माज मंदावतो, किंवा आलाच तर न हंबरता, न बिथरता येतो. गवळी त्याला मुका माज म्हणतात. म्हणून अनुभवी गवळी पहाटेच्या गारव्यातच, म्हैस बसलेली असताना, तिच्या शेपटीखाली काचेसारखा पारदर्शक चिकट स्राव दिसतो का, हे कंदील धरून न्याहाळतो. ऊन चढल्यावर ती खूणही हाती लागत नाही.

धार काढण्याच्या वेळीही हा जीव घाई जाणत नाही. पारडू सोडले, त्याने कासेला दोनचार ढुशा दिल्या, तरी पान्हा लागलीच उतरत नाही. स्पर्शाचा संदेश मेंदूपर्यंत जातो, तेथून ऑक्सिटोसिन रक्तात मिसळते, आणि मगच घट्ट आवळलेले सड भरून ताठ होतात. या अवधीत म्हैस कान मागे-पुढे हलवीत रवंथ करीत राहते, आणि बादली घेऊन बसलेल्या माणसाला तिच्या मर्जीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

तिच्या या पंचांगाचा परिणाम तबेल्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. पावसाळ्याअखेर व्यालेल्या म्हशींचे दूध हिवाळ्यात ओसंडते आणि उन्हाळ्यात आटते. शहराची तहान मात्र नेमकी त्याच काळात वाढते. सरकारी दूधखात्याला ही तूट निस्तरावी लागे. याच खुरोडींनी म्हशीच्या स्निग्ध दुधात पाणी व मलईविरहित दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दुधाची युक्ती प्रचारात आणली, जेणेकरून तेवढ्याच दुधातून अधिक घरांना स्वस्त पेला मिळावा. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. माणसाने युनिटे आखली, नियम केले, भुकटीही आणली. पण म्हशीने रात्रीची लांबी मोजून ठरवलेली तारीख कोणत्याही हुकमाने बदलली नाही, आणि दप्तरालाच तिच्या मागोमाग आपले हिशेब जुळवीत राहावे लागले.