संगणक मधेच बंद पडतो?

मैत्रिणींनो, घरचा संगणक काम करता करता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो ना? नवा घ्यायची घाई नको. आधी मुलांचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ते बाजारात मिळत नाहीत! मग बिघाड केव्हा होतो ते वहीत टिपा. तासाभराने होत असेल, तर पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असावं. प्लग काढून, खोका उघडून मऊ ब्रशने धूळ झाडा. केव्हाही होत असेल, तर प्लग सैल नाही ना पाहा. रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज उरते. एवढ्यानं भागलं नाही, तर दुरुस्तीवाल्याला वहीच दाखवा. नको ते भाग बदलल्याचं बिल तरी वाचेल!