दोन राखाडी रंगांतून निवड

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा 17व्या शतकातला. त्याचा घुमट संगमरवरी, तर खालच्या बऱ्याच भागावर चुन्याचा गिलावा. दुरून सारेच पांढरे वाटते. जवळ गेल्यावर फरक कळतो. वर्गासाठी फिकट राखाडी रंगाचे दोन नमुने निवडतानाही असेच होते.

पांढऱ्यात थोडा काळा मिसळला की राखाडी होतो. निव्वळ राखाडी सर्व तरंगलांबींचा प्रकाश जवळपास सारखाच परावर्तित करतो. त्यात किंचित निळा वा पिवळा मिसळला की हा समतोल ढळतो. शिवाय पडणारा प्रकाशही सारखा नसतो. उत्तरेच्या खिडकीतून येणारा आकाशाचा प्रकाश निळसर, तर साध्या बल्बचा पिवळसर. म्हणून एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात.

करून पाहा : दोन्ही रंग मोठ्या पुठ्ठ्यांवर द्या. वाळल्यावर ते वर्गाच्या भिंतीला शेजारी-शेजारी टेकवा. सकाळी, दुपारी व दिवे लावून विद्यार्थ्यांना नोंदी करू द्या. वर्ग अंधारा असेल तर दोहोंतला अधिक उजळ निवडावा. भिंतीवरून परतणारा प्रकाश शेवटच्या बाकावरच्या वहीपर्यंत पोचायला हवा.