रेड कार्ड मुख्य प्रशिक्षकाला, जबाबदारी सहाय्यकावर! गोव्याच्या महेश गवळींचा बचावपटू ते प्रशिक्षक प्रवास समजून घ्या

४ जुलै २०२३ ची रात्र. बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम खचाखच भरलेलं. सॅफ चषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध कुवेत. १२० मिनिटं खेळूनही १-१ अशी बरोबरी, म्हणून पेनल्टी शूटआउट. पाच-पाच फटके झाले तरी निकाल लागेना, ४-४. सहावा फटका मणिपूरच्या महेश सिंगने जाळीत मारला आणि कुवेतच्या खालिद हजियाचा फटका गुरप्रीत सिंग संधूने झेप घेऊन अडवला. भारत नवव्यांदा सॅफ विजेता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे गुरप्रीत, कर्णधार सुनील छेत्री आणि बरोबरीचा गोल करणारा छांगते यांचेच फोटो. पण त्या रात्री भारताच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच नव्हतेच. त्यांच्यावर बंदी होती. त्यांच्या जागी रेषेपाशी उभा होता एक गोवेकर, महेश गवळी. एकेकाळचा भारताचा भरवशाचा बचावपटू, म्हणजे डिफेंडर.

गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. गोल होऊ न देणाऱ्याचं कुणाला आठवतं? आणि असा माणूस पुढे प्रशिक्षक होतो तेव्हा नेमकं काय करतो? गावाकडच्या पोरांनी हे समजून घेण्यासारखं आहे.

त्या स्पर्धेत घडलं काय?

स्पर्धा सुरू झाली २१ जूनला. पहिलाच सामना पाकिस्तानशी. भारताने ४-० ने जिंकला, छेत्रीने तीन गोल मारले. पण मध्यंतराच्या जरा आधी पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना स्टिमॅच यांनी त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला. मैदानावर ढकलाढकली झाली आणि पंचांनी स्टिमॅच यांना थेट रेड कार्ड दाखवलं.

प्रशिक्षकालाही कार्ड मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं. २०१९ पासून नियमात तशी तरतूदच आहे. खेळाडूसारखंच प्रशिक्षकाला आधी यलो, मग रेड. रेड मिळालं की बाक सोडायचा आणि पुढचा किमान एक सामना बाहेर. त्यामुळे २४ जूनला नेपाळविरुद्ध गवळींनी बाक सांभाळला. भारत २-० ने जिंकला.

स्टिमॅच परत आले आणि २७ जूनला कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा रेड कार्ड मिळालं. या वेळी दोन सामन्यांची बंदी. म्हणजे उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने गवळींच्या अंगावर पडले.

उपांत्य सामना १ जुलैला लेबनॉनशी. त्यात अडचण अशी, की बचावफळीचा आधारस्तंभ संदेश झिंगन दोन यलो कार्डांमुळे बाहेर. मागची भिंतच निम्मी गेलेली. तरी १२० मिनिटांत लेबनॉनला एकही गोल करता आला नाही. सामना पेनल्टीवर गेला आणि भारताने ४-२ ने जिंकला.

संघाची बांधणी आणि तयारी स्टिमॅच यांचीच होती, हे खरं. पण सामना चालू असताना कोणाला बदलायचं, कोणाला मागं ओढायचं, कोणाला शांत करायचं, हे त्या क्षणी जो रेषेपाशी उभा असतो त्यालाच बघावं लागतं.

गवळी आहेत तरी कोण?

महेश गवळी गोव्याचे, जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते तयार झाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भारतीय संघात आले आणि पुढची दहा-बारा वर्षं मधला बचावपटू म्हणून खेळले.

२००३ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात होते. त्या वर्षी २६ जुलैला जकार्तामध्ये ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघाला ३-१ ने हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. भारतीय क्लबने परदेशात जाऊन मिळवलेल्या मोठ्या विजयांत आजही त्याचं नाव घेतात.

पुढे ते गोव्याच्या डेम्पो क्लबकडे आले. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद डेम्पोने पटकावलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली तो काळ डेम्पोचाच होता.

भारतीय संघासाठीही ती वर्षं बरी गेली. इंग्लंडचे बॉब हॉटन प्रशिक्षक असताना भारताने २००७ आणि २००९ चा नेहरू चषक जिंकला. मधल्या २००८ सालात दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून एएफसी चॅलेंज चषक जिंकला. त्याच विजयामुळे भारताला २०११ च्या आशिया चषकाचं दार उघडलं, तेही २७ वर्षांनी. दिल्लीतल्या त्या सामन्यातले छेत्रीचे तीन गोल लोकांना पाठ आहेत. त्या काळातल्या बचावफळीतली नावं विचारा, बरेच जण गप्प होतील. गवळी हे त्यातलंच एक नाव.

बचावपटूला जास्त का दिसतं?

हे कबड्डीवरून लगेच कळेल. चढाईपटू आत आला की कोपऱ्यातला आणि मधला मिळून साखळी धरतात. एकाने घाई केली की साखळी तुटते आणि गडी पॉइंट घेऊन परत जातो. फुटबॉलमध्येही मागचे चौघं एका रेषेत पुढे-मागे सरकतात. तिघं पुढे आले आणि चौथा पाऊलभर मागे राहिला, तर समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड ठरत नाही. तो थेट गोलकीपरसमोर मोकळा होतो.

म्हणून मधल्या बचावपटूचं अर्धं काम पायाने आणि अर्धं तोंडाने असतं. 'पुढे ये', 'माणूस धर', 'डावीकडे बघ' असं तो सतत ओरडत असतो. फॉरवर्डची पाठ बहुतेक वेळा आपल्या संघाकडे असते. बचावपटूला मात्र अख्खं मैदान समोर दिसतं. कोण दमलाय, कोणाची जागा सुटलीय, समोरचा संघ कुठून घुसतोय, हे त्याला आधी कळतं.

प्रशिक्षक रेषेपाशी उभा राहून दुसरं काय करतो? हेच. फरक इतकाच, की आता त्याला स्वतः पळून चूक दुरुस्त करता येत नाही. दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होईलच असं नाही, ते इथेच अडतं.

या वाटेवर आधी कोण गेलं?

हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन बचावपटूच. १९७० च्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकलं, तेव्हा ते कर्णधार होते. पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून अर्जुन आणि प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य, असे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले.

गोव्याचे डेरिक परेरा हे साळगावकर क्लबचे आणि भारताचे बचावपटू. त्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली. नंतर ते पुणे एफसीकडे आले आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर राहिला. महिंद्राचा संघ आणि पुणे एफसी, दोन्ही नंतर बंद झाले. संघ बंद पडला तरी प्रशिक्षकाची विद्या त्याच्यापाशी राहते. परेरा पुढे साळगावकर आणि एफसी गोवा इथे काम करत राहिले.

सहाय्यकाचं काम म्हणजे काय?

सहाय्यक म्हणजे नुसता शंकू मांडणारा आणि चेंडू गोळा करणारा नव्हे. सरावात बचावफळी वेगळी घेऊन घटवणं, कॉर्नर आणि फ्री-किकला कोणी कोणाला धरायचं ते ठरवणं, समोरच्या संघाचे व्हिडिओ बघणं, ही त्याची नेहमीची कामं. परदेशी प्रशिक्षकाचं म्हणणं आपल्या पोरांच्या गळी उतरवणं आणि पोरांच्या मनातलं प्रशिक्षकापर्यंत पोचवणं, हेही त्यालाच करावं लागतं.

यात नाव कमी आणि अस्थिरता जास्त. २०२४ च्या जूनमध्ये स्टिमॅच यांना हटवलं. मग स्पेनचे मानोलो मार्केझ आले, वर्षभरात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या सोबतीलाही गवळी सहाय्यक म्हणून होते. नव्या जोडीची पहिलीच स्पर्धा काफा नेशन्स चषक. त्यात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं आणि दोन्ही गोल केले ते बचावपटूंनी, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांनी. शेवटी ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला.

पण लगेच पुढच्या महिन्यात, १४ ऑक्टोबरला, गोव्यातल्याच फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं. २०२७ च्या आशिया चषकाची वाट तिथेच बंद झाली. दोन वर्षांपूर्वी चषक उंचावलेला बघणाऱ्या माणसाला घरच्या मैदानावर हेही बघावं लागलं. प्रशिक्षकाच्या नशिबात दोन्ही येतं.

आपल्या पोरांनी यातून काय घ्यायचं?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो फॉरवर्ड. त्याच्याकडे बघून गावोगावच्या पोरांना पुढेच खेळायचं असतं. मागे उभं केलं की तोंड पडतं. पण खेळणं तिशी-पस्तिशीपर्यंतच चालतं. त्यानंतर काय, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूच्या घरात येतो.

त्याचं एक उत्तर म्हणजे प्रशिक्षणाचं लायसन्स. त्याच्या पायऱ्या साध्या आहेत: डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी लायसन्सचा अभ्यासक्रम काही दिवसांचाच असतो आणि तो लहान मुलांना कसं शिकवायचं यावर भर देतो. भारताकडून खेळलेलं असलंच पाहिजे अशी अट नाही. पुढची पायरी चढायची तर मधे प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव लागतो. शाळा, तालुक्याची अकादमी, क्लब, सगळीकडे आता हे लायसन्स विचारतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लायसन्स अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अभ्यासक्रमातूनच मिळतं. तो राज्य संघटनेमार्फत होतो, महाराष्ट्रात विफा आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. एखाद्या खासगी शिबिराचं छापील प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. फी भरण्याआधी अभ्यासक्रमाची तारीख आणि जागा महासंघाच्या किंवा राज्य संघटनेच्या अधिकृत पानावर तपासा.

आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर सरांनी तुम्हाला मागे उभं केलं, तर नाराज होऊ नका. तिथून अख्खं मैदान दिसतं. ते नीट बघायला शिका. पुढे तेच उपयोगी पडेल.